दिगंबरअण्णांचं तळं

दिगंबरअण्णांनी मला पहिल्यांदा बोलावलं ते तळं बघायला. फोनवर म्हणाले, "संध्याकाळच्याला या. पाण्यावरून गार वारं येऊन राह्यलंय. पायऱ्यांवर बायामाणसं बसलीत, पोरं पोहून राह्यलीत. बघा तरी एकदा."

मी तेव्हा जालन्यात वार्ताहर होतो आणि जाफराबादकडच्या गावांच्या बातम्या माझ्याकडे असत. मोटारसायकल काढून गेलो. गावाच्या मागे, माळाच्या पायथ्याशी चौकोनी दगडी तळं होतं. चारी बाजूंनी पायऱ्या, मध्ये बाभळीची झुडपं, तळाच्या चिखलाला पडलेल्या रुंद भेगा. पाण्याचा थेंब नव्हता. वरच्या पायरीवर पांढऱ्या पूर्ण बाह्यांच्या शर्टातला एक उंच, किंचित वाकलेला माणूस बसला होता. मला बघून तो बाजूला सरकला.

"या, बसा. खाली नका उतरू. शेवाळ हाय, पाय घसरतो."

हे दिगंबरअण्णा. गावच्या नगरपंचायतीचे नवे नगराध्यक्ष. गावाचं नाव इथे देण्याचं कारण नाही. जिल्ह्यात अशी आणखीही गावं आहेत.

ते खोटं बोलत नसत, हे समजायला मला वेळ लागला. जे व्हायला हवं ते झालेलं आहे असंच त्यांना दिसे आणि जे दिसे ते सांगत. सांगताना डोळे समोर लागलेले असत, आवाज खाली येई आणि ऐकणारा नकळत त्या दिशेला बघे. बाभळीच बघत होतो, तरी त्या संध्याकाळी मीही एकदा पाय वर ओढून घेतले. गावात याची थट्टा होती. नसलेल्या गोष्टीला लोक 'अण्णाच्या तळ्यात' म्हणत. "पगार झाला का रे?" "झाला की, अण्णाच्या तळ्यात." अण्णांच्या समोरही म्हणत. तेही हसत.

राजकारणात ते उशिरा आले. त्याआधीचं आयुष्य एका बियाणे कंपनीत सुपरवायझर म्हणून गेलं. कपाशीचं संकरित बी तयार करायचं तर हाताने एकेका फुलाचा संकर करावा लागतो. कळ्या सोलण्याच्या त्या कामासाठी त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं असे, आणि बोलता बोलता अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत राहत, जणू चिमटीत एखादी कळी आहे. बी शुद्ध हवं असेल तर आजूबाजूच्या शेतांत दुसऱ्या वाणाची कपाशी चालत नाही. म्हणून सुपरवायझरचं खरं काम शेजाऱ्यांची मनं वळवण्याचं. अण्णा बांधाबांधावर बसून चहा पीत आणि सगळं शिवार एका वाणावर आणत. "मधमाशीला बांध कळत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भावकीच्या भांडणात, लग्नाच्या बैठकीत, पुढे नगरपंचायतीच्या सभेत, कुठेही ते म्हणत. ऐकणाऱ्यांना ते पाठ झालं होतं आणि त्याचा अर्थ कोणी विचारत नसे.

ते अध्यक्ष कसे झाले ही गोष्ट गावाला आणि मलाही जशी कळली तशी लिहितो. नगरसेवक सतरा. गट चार. कोणाकडेच बहुमत नाही. निकालानंतर तीन गटांचे नगरसेवक रीतीप्रमाणे सहलीला गेले, म्हणजे कोणी फुटू नये म्हणून त्यांना घाटावरच्या एका हॉटेलात नेऊन ठेवलं. तिथे ठरलं की अध्यक्षपद पाळीपाळीने घ्यायचं. कायद्याने पद अडीच वर्षांचं. पण एकाने काही महिने बसायचं, राजीनामा द्यायचा, मग दुसऱ्याने. परत आल्यावर खंडोबाच्या देवळात सगळ्यांनी बेलभंडारा उचलला. हातात बेलाची पानं आणि भंडारा घेऊन दिलेला शब्द मोडला तर देव बघून घेतो, असं मानतात.

भांडण झालं ते पहिली पाळी कोणाची यावर. प्रत्येकाला पहिली हवी होती, कारण पहिला उठलाच नाही तर बाकीच्यांनी काय करायचं? त्याच कारणासाठी दुसऱ्याला पहिली द्यायला कोणी तयार नव्हतं. शेवटी बबनराव बोलले. गावातलं खताचं दुकान बबनरावांचं, मोठा गटही त्यांचाच, आणि दुसरी पाळी त्यांनी आधीच नक्की करून घेतली होती. "अण्णाला बसवा. अण्णा बसतीन बी आणि सांगितलं की उठतीन बी." सगळे हसले. अण्णाही हसले, असं सांगतात. त्या क्षणी त्यांना तळं दिसलं असावं.

पहिल्या सर्वसाधारण सभेत त्यांनी एकच विषय ठेवला. माळावर पडणारं पाणी एका दगडी पाटाने पूर्वी तळ्यात येई. पाट कोणी बांधला ते ठाऊक नाही. तो गावाच्या मागून, अनेक प्रभागांतून फिरत येतो. त्याच्यावर आता कोणाचा ओटा होता, कोणाची न्हाणी, कोणाची म्हैस. पाट मोकळा केला की तळं भरेल, आणि तळं भरलं की खालच्या विहिरींना पाझर फुटेल, इतकंच अण्णांचं म्हणणं होतं. मी पत्रकारांच्या बाकावर होतो.

"अण्णा, पाट उघडायचा म्हणजे माझ्या प्रभागातल्या न्हाण्या पाडायच्या," एक नगरसेवक उठून म्हणाले. "मंग पुढच्या टायमाला मला मत कोण देईल? मासे?"

"पाट माझ्याकडून जातो आणि पाणी साचतं यांच्याकडं," दुसरे म्हणाले. "खर्चा माझा, गारवा यांना. कमाल हाय."

"आणि पाटाला बोर्ड कुठं लावायचा?" विरोधी गटाचे नेते विलासशेठ म्हणाले. "जमिनीत?"

सभा बराच वेळ हसत होती. अण्णा हसू ओसरेपर्यंत थांबले आणि मग सांगू लागले. पायऱ्यांवर दिव्यांचं प्रतिबिंब, पलीकडच्या काठाला धुणं, बगळे. आवाज खाली आला तशी सभा गप्प झाली. बबनरावसुद्धा खिडकीबाहेर बघत होते. अण्णांचं संपलं. मग बबनराव म्हणाले, "पाटाचं मागून बघू. तळ्याचं सुशोभीकरण करायला आपली हरकत न्हाई." सगळ्यांचे हात वर झाले, विरोधकांचेही. 'ठराव एकमताने' ही ओळ त्या नगरपंचायतीबद्दल मी पहिल्यांदाच लिहिली.

पुढे जे झालं तेही एकमताने झालं असं म्हणायला हरकत नाही. प्रत्येकाने आपल्या वाट्याचा निधी तळ्यावर लावला, प्रत्येकाने वेगळा आणि दुसऱ्याला न विचारता. बबनरावांनी कमान उभारली. गावातून तळ्याकडे येणारा रस्ता जिथे तळ्याला भिडतो तिथेच पाटाचं तळ्यात उघडणारं तोंड होतं. कमानीचा पाया नेमका त्यावर आला, वर पेव्हर ब्लॉक बसले. विलासशेठनी कमानीला लागून 'आय लव्ह' आणि पुढे गावाचं नाव अशी माणसाएवढी लाल अक्षरं बसवली. एका नगरसेविकाबाईंनी बाकं दिली. बाकाच्या पाठीला पुढून त्यांचं नाव होतं आणि ते रस्त्यावरून वाचता यावं म्हणून बाकं रस्त्याकडे तोंड करून पुरली. बसणारा तळ्याकडे पाठ करून बसे. आणखी एका गटाला काही सुचेना, तेव्हा त्यांनी पायाने चालवायची हंसाच्या आकाराची नाव आणली. तिचंही फीत कापून उद्घाटन झालं. ती कोरड्या तळ्यात जरा कलती ठेवली होती. दुपारी तिच्या सावलीला शेळ्या बसत.

प्रत्येक उद्घाटनाला अण्णा गेले. प्रत्येकाला शाबास म्हणाले. हंसाच्या उद्घाटनानंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बघितला का? कसा डुलून राह्यलाय." मी शेळ्यांकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. चिमटीतली न दिसणारी कळी फिरत होती.

पण कमानीखाली काय गाडलं गेलं हे त्यांना कळत होतं. ते मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. हे तरुण अधिकारी बदलीची वाट बघत होते. फाइल त्यांनी पूर्ण वाचली आणि परत दिली. "अण्णा, या महिन्यात नको. पुढच्या महिन्यात इथे जे कोणी असतील ते बघतील." पुढच्या महिन्यातही तेच होते आणि उत्तरही तेच. ते बबनरावांकडे गेले. बबनराव म्हणाले, "माझी पाळी येऊ द्या की. मंग आपुन मिळून करू." आणि पाळी येतच होती. अण्णांच्या हातात मोजके आठवडे उरले होते.

त्याच सुमारास एका सकाळी मी त्यांच्या घरी बसलो होतो. विलासशेठ आले. मला बघून क्षणभर थांबले, पण बोलायचं ते बोललेच.

"अण्णा, राजीनामा देऊ नका. कायद्यानं तुम्हाला आत्ता कुणी उठवू शकत न्हाई. आमचा गट तुमच्या पाठीशी. तुमचे अजून दोघं-तिघं आम्ही आणतो. तुम्ही तळं पुरं करा. उद्या सकाळी कमान पाडतो, बोला."

कमलकाकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, चहा घेऊन दारात उभ्या होत्या. अण्णांना जे हवं होतं ते सगळं त्या वाक्यात होतं. पाटाचं तोंड मोकळं झालं असतं आणि त्यासाठी त्यांनी फक्त खुर्चीवरून उठायचं नव्हतं. शब्द मोडणारे ते पहिले ठरले नसते. शेवटचेही नाही.

अण्णांनी अंगठा तर्जनीवर फिरवला. मग विचारलं, "कमान पाडल्यावर मंग तिथं काय?"

"आमची कमान," विलासशेठ म्हणाले. "जरा बाजूला घेऊ."

"शेठ, चहा घ्या," अण्णा म्हणाले. "गार होऊन राह्यला."

विलासशेठ गेल्यावर त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. एका गावात सगळं शिवार त्यांच्या शब्दावर एका वाणाचं झालं होतं. एका शेतकऱ्याने मधल्या पट्ट्यात गुपचूप दुसरी कपाशी लावली. सगळ्यांचं बी नापास झालं. लोक त्या शेतकऱ्याला सोडून अण्णांवर चिडले, तरी पुढच्या हंगामात अण्णा पुन्हा त्याच बांधावर जाऊन बसले. "बसता आलं," ते म्हणाले. "कारण चोरून पेरणारा मी नव्हतो. ज्या दिवशी मी पेरलं, त्या दिवशी बसायला बांध न्हाई."

"पण तळं?" मी विचारलं.

"भंडारा उचललाय हो मी."

"सगळ्यांनीच उचलला होता," कमलकाकू कप गोळा करत म्हणाल्या. "हात तेवढा यांचाच पिवळा राह्यला."

राजीनाम्याच्या दिवशी निरोप समारंभ असतो. शाल, नारळ, फेटा, सामूहिक फोटो. अण्णांनी शाल-नारळ नको म्हणून सांगितलं, फोटो मात्र हवा म्हणाले. फोटो सभागृहात न काढता पाटात काढायचा आणि प्रत्येकाने आपापल्या प्रभागातल्या पाटात उभं राहायचं, एवढीच त्यांची इच्छा. पेपरवाले येणार आहेत, हेही त्यांनी सगळ्यांना कळवलं. निरोपाची इच्छा मोडणं बरं दिसत नाही, आणि पेपरात येणारा फोटो कोणी सोडत नाही.

आधीच्या दोन दिवसांत गावात नवल घडलं. आपण उभे राहणार तिथे घाण दिसू नये म्हणून प्रत्येक नगरसेवकाने आपल्या हद्दीतला पाट साफ करून घेतला. झुडपं गेली, राडारोडा उचलला गेला. एकाने न्हाणीची मागची भिंत हलवून घेतली. म्हशी दुसरीकडे बांधल्या. कोणी पाटाच्या दगडांना चुना लावला. बबनरावांनी कमानीखालच्या पेव्हर ब्लॉकवर लाल सतरंजी अंथरली.

त्या दिवशी उन्हं कलताना मी आणि आमचा छायाचित्रकार माळावर उभे होतो. खाली पाट वळत वळत गेला होता आणि त्यात ठरावीक अंतरावर पांढरे कपडे घातलेली माणसं उभी होती. प्रत्येकजण सरळ, हात पुढे बांधून. एकमेकांशी कोणी बोलत नव्हतं, अंतरच तेवढं होतं. धूळ खाली बसली होती आणि पिवळ्या उजेडात ती ओळ माळापासून तळ्यापर्यंत उतरत गेल्यासारखी दिसत होती. या गावाने एकत्र केलेली तेवढीच एक गोष्ट मी बघितली. अण्णा वरून निघाले. एकेकाजवळ थांबले, हात हातात घेतला, दोन शब्द बोलले, पुढे गेले. कमानीपाशी पोचले तेव्हा पाट संपला होता. समोर पेव्हर ब्लॉक आणि सतरंजीवर उभे बबनराव.

अण्णांनी खिशातून राजीनाम्याची प्रत काढून त्यांच्या हातात दिली. मूळ कागद सकाळीच जिल्हाधिकारी कार्यालयात गेला होता.

"बबनराव, एवढं तोंड उघडा. बाकीचं झालंय."

"बिलकुल, अण्णा. बसू द्या की मला आधी."

टाळ्या झाल्या. छायाचित्रकार अजून माळावरच होता. सगळी ओळ एका चौकटीत बसेना म्हणून तो मागे मागे सरकत राहिला. शेवटी बसली, पण त्यात कोणाचा चेहरा ओळखू येत नव्हता. तो फोटो आमच्या कार्यालयाने छापला नाही. नगरसेवकांच्या माणसांनी आपापल्या फोनवर काढलेले फोटो रात्रीपर्यंत गावभर फिरले. प्रत्येकात एकच नगरसेवक होता, आणि त्याच्या मागे स्वच्छ पाट.

बबनराव अध्यक्ष झाले. तोंड उघडलं नाही.

अण्णा पुन्हा पूर्वीसारखे गावात फिरू लागले. भेटले तर तळ्याविषयी सांगत, पण आता वाक्यं मध्येच थांबत. मी कधी पूर्ण करून विचारलं तर मान हलवत. त्या दिवसांत त्यांना फारसं काही दिसत नसावं, असं मला वाटलं. कमलकाकू म्हणाल्या, "झोपेत बरे बोलतात. जागेपणी गप्प राहून राह्यलेत."

भाद्रपदात एका दुपारी माळावर मोठा पाऊस झाला. संध्याकाळी मी नुकसानीची बातमी करायला त्या भागात होतो. गावात शिरताना लोक तळ्याकडे पळताना दिसले. माळावरचं पाणी साफ केलेल्या पाटातून सरळ खाली आलं होतं, वाटेत कुठे अडलं नव्हतं, आणि कमानीच्या पायाला धडकून शेजारच्या बोळात वळत होतं. बोळातली माणसं भांडी उंचावर ठेवत होती. घरांच्या गच्च्यांवर लोक फोन घेऊन उभे होते.

कमानीखाली अण्णा होते. हातात पहार. एकेक पेव्हर ब्लॉक उचकटून काढत होते आणि प्रत्येक ब्लॉक बाजूला नेऊन नीट थरावर थर रचत होते. सार्वजनिक मालमत्ता होती. त्यांना घाई नव्हती असं दिसलं, पण ते थांबतही नव्हते.

बबनराव छत्री घेऊन आले.

"अण्णा, हा गुन्हा हाय. मी अध्यक्ष म्हणून सांगून राह्यलो."

"बराबर हाय," अण्णा वाकलेलेच म्हणाले. "लिहून घ्या माझं नाव. तेवढं जल्दी करा, उजेड चाललाय."

बबनराव उभे राहिले. मग फोन कानाला लावून बाजूला गेले. मदतीला कोणी उतरलं नाही. आडवंही कोणी आलं नाही. शेवटचे ब्लॉक निघाल्यावर खाली दगड आणि मातीचा भराव होता. अण्णांनी पहारीने त्यात भोक पाडलं. पाणी आधी नुसतं गढूळ झालं, मग आत ओढलं गेलं. पलीकडे, तळ्याच्या वरच्या पायरीवर, मनगटाएवढी धार पडू लागली. बोळातलं पाणी हळूहळू मागे सरकलं.

तळ्यावर इतक्या जणांची नावं होती, अण्णांचं नव्हतं. ते त्या संध्याकाळी पोलीस ठाण्यातल्या तक्रारीत आलं. 'सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान, माजी नगराध्यक्ष' अशी ती बातमी मी दिली. तीन ओळींची होती.

मी निघालो तेव्हा अंधार पडायला लागला होता. अण्णा पायरीवर बसले होते, कोपरापर्यंत चिखल. धार पायऱ्या उतरत तळाशी जात होती आणि भेगा एकेक करून बुजत होत्या. ते काही सांगत नव्हते, नुसते बघत होते. ठाण्यातून एक हवालदार आला. ओळखीचाच होता. पायरीवर येऊन टोपी काढली.

"अण्णा, चला. जबाब द्यावा लागतो."

"येतो. थांब जरा."

हवालदाराने घड्याळात पाहिलं, मागे रस्त्याकडे पाहिलं. मग एक पायरी खाली उतरून तोही बसला.